उभ्यानं गायलेली तोडी

"ही दुसरी खुर्ची कुणासाठी?"

बाईंचा आवाज हॉलमधून आला आणि मी शेजारच्या खोलीत निऱ्या सारख्या करता करता तशीच थांबले.

"हेमलताताईंसाठी, बाई," पोतदार म्हणाले. "त्यांना खाली बसता येत नाही ना. स्टेजवर ठेवू म्हटलं."

"आणि मी कुठं बसू? तिच्या पायाशी?"

पोतदार गावातले नावाजलेले वकील. कोर्टात ते समोरच्याला तोंड उघडू देत नाहीत, असं लोक सांगायचे. बाईंपुढं मात्र त्यांची दातखीळ बसायची. त्यांचंच मंगल कार्यालय होतं आणि दरवर्षी एका सकाळी ते आम्हाला फुकट द्यायचे, तेही बाईंच्या धाकानंच.

बाई म्हणजे इंदुबाई शिरोळकर. मी त्यांच्याकडं गाणं शिकले ती परकरात असल्यापासून. दरवर्षी त्यांच्या आईच्या, आक्काबाईंच्या, पुण्यतिथीला सकाळची सभा असायची. स्टेजवर आक्काबाईंचा फोटो, त्याला शेवंतीचा हार, आणि बाईंच्या शिष्यांपैकी एकीचं गाणं. बाई स्वतः गात नसत. त्यांनी गाणं सोडून बरीच वर्षं झाली होती. त्या पुढं जाजमावर बसायच्या, पाठ ताठ, लोडाला न टेकता.

त्या वर्षी माझा नंबर होता. आणि मला मांडी घालता येत नव्हती.

आदल्या वर्षी बसस्टँडसमोर एका रिक्षानं मला उडवलं होतं. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड बसला, आणि गुडघा पावसाळ्यात दार फुगून अडकतं तसा अडकला तो अडकलाच. बाई दवाखान्यात एकदा आल्या होत्या. माझ्याशी काही बोलल्या नाहीत. डॉक्टरांना विचारलं, "मांडी कधी घालेल?" डॉक्टर म्हणाले, "चालायला लागली तरी देवाची कृपा समजा." बाईंनी मोसंब्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि त्या निघून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

कारण बाईंकडं गाणं बसूनच व्हायचं. हा नियम नव्हता, हा धर्मच होता. क्लासमध्ये पाणी प्यायला उठलेली पोर माठाजवळ नुसती गुणगुणली तरी आतून आवाज यायचा, "बस आणि गा, नाहीतर गप्प राहा." एकदा मुंबईची एक मोठी गायिका नगरपालिकेच्या कार्यक्रमाला आली होती. ती माईक हातात धरून उभ्यानं गायला लागली, तशा बाई पहिल्या रांगेतून उठल्या आणि चालत्या झाल्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, "उभ्या माणसाचा सूर पायातून गळतो." आम्ही ते खरं मानलं होतं. मी तर माझ्या शिकवणीच्या मुलींनाही तेच सांगत होते.

दवाखान्यातून घरी आल्यावर माझी खरी पंचाईत सुरू झाली. पलंगावर बसून आवाज लागेना. खुर्चीत बसलं की पोट दुमडायचं आणि श्वास अर्ध्यावर अडकायचा. शेवटी एके दिवशी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते, कुकरच्या शिट्टीची वाट बघत, आणि सहज षड्ज लावला. तो असा लागला की मीच दचकले. त्या दिवसापासून मी ओट्याशी उभी राहून रियाज करायला लागले. दार लावून करत होते. नवऱ्यालाही बजावलं होतं, कुठं बोलायचं नाही.

मग शामराव सुतार निरोप घेऊन आले. शामराव बाईंचे पेटीवाले, मला काकांसारखे. "बाईंनी सांगितलंय, यंदा हेमा गाणार." मला रडूच आलं. मला वाटलं, बाईंनी माझा पाय मान्य केला. मी पोतदारांना परस्पर खुर्चीचं सांगून टाकलं. यंदा गायले नाही तर पुढं कुणी बोलावणार नाही, आणि बोलावलं तरी पुन्हा स्टेजवर चढायचा धीर मला होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. एवढं एक गाणं उभं राहायला हवं होतं, मग ते खुर्चीत बसून का होईना.

बाई खोलीत आल्या. इरकली साडी, कपाळाला बारीक कुंकू. त्यांनी दार लोटून घेतलं.

"खुर्ची काढायला सांगितलीय."

"बाई, खुर्चीत बसून तसाही माझा श्वास नीट लागत नाही," मी म्हणाले. "मी उभीच राहते. घरी तसाच रियाज करते आता."

मी काहीतरी घाणेरडं बोलले असावं तशा त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

"कुठं करतेस?"

"स्वयंपाकघरात. ओट्याशी."

"पोळ्या लाटताना बायका गुणगुणतात. त्याला रियाज म्हणत नाहीत."

"एकदा ऐका तरी, बाई. मंद्रातला सूरसुद्धा..."

"हेमा." त्यांनी आवाज चढवला नाही. बाई रागावल्या की त्यांचा आवाज खाली जायचा. "माझ्या आईच्या फोटोसमोर कुणी उभ्यानं गायचं नाही. खाली बस. तो पाय लांब कर आणि शाल टाक त्याच्यावर. बसलीस म्हणजे झालं."

"पाय समोर येईल, बाई. तुमच्याकडं होईल."

"होऊ दे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक पाय बघायला येत नाहीत," बाई म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

मग मला स्टेजवर खाली बसवायचा सोहळा झाला. स्टेज म्हणजे जोडून ठेवलेले दोन मोठे तक्तपोस, वर गालिचा. शामरावांनी एका बाजूनं आणि तबलजी मौला मुजावर यांनी दुसऱ्या बाजूनं धरलं आणि मी एखादं कपाट खाली ठेवावं तशी टेकले. डावा पाय दुमडला. उजवा काठीसारखा समोर. समोर जाजमावर बाईंची जागा.

"जरा वळा की," मौला हळूच म्हणाले.

मी वळले. पाय आक्काबाईंच्या फोटोकडं झाला. शामराव कळवळले. "अगं, फोटो हाय तिकडं." मी परत वळले. आता पाय पेटीकडं. शामरावांनी पेटीला नमस्कार केला आणि ते सरकून बसले, पण त्यांचं तोंड बघवत नव्हतं. मागं तानपुरा घेऊन क्लासमधली एक मुलगी बसली होती, तिकडं तर प्रश्नच नव्हता. शेवटी पाय तबल्याच्या दिशेला ठेवायचं ठरलं. मौलांनी डग्गा आपल्याकडं ओढून घेतला आणि म्हणाले, "असू द्या ताई, आजारी माणसाचा पाय म्हणजे पाय नव्हं." त्यांनी ते चांगल्या मनानं म्हटलं. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या अख्ख्या स्टेजवर माझ्या एका पायाला जागा नव्हती.

लोक येऊन बसायला लागले. सगळ्यांची नजर आधी शालीखालच्या त्या उंचवट्याकडं जायची, मग माझ्याकडं, मग दुसरीकडंच कुठंतरी.

सगळ्यात शेवटी आप्पासाहेब इनामदार आले.

आप्पासाहेब दरवर्षी यायचे. ऐंशीच्या घरातला माणूस, फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी. पूर्वी आसपासची गावं त्यांच्या घराण्याला इनाम होती. आता काही नव्हतं, पण फेटा होता. सबंध हॉलमध्ये एकच खुर्ची असायची ती त्यांची, अगदी स्टेजच्या समोर मधोमध. गंमत म्हणजे ती कुठं ठेवायची ते बाई स्वतः सांगायच्या, आणि आमंत्रण द्यायलाही बाई स्वतः रिक्षा करून त्यांच्या गावी जायच्या. एकदा कलेक्टर सत्काराला बोलवायला घरी आले होते, तेव्हा बाईंनी त्यांना ओसरीवरूनच परत पाठवलं होतं. आणि ह्या म्हाताऱ्यासाठी एवढी यातायात! आम्ही मुली आपसात चेष्टा करायचो, की बाईंचं तरुणपणी काहीतरी असणार.

आप्पासाहेब खुर्चीत बसले. बाई त्यांच्या बाजूला जाजमावर बसल्या. पोतदारांनी चार शब्द सांगितले. मी डोळे मिटले आणि तोडी सुरू केली.

सुरुवात बरी झाली. आलाप हळूहळू भरायला लागला. शामराव मान डोलवत होते. पण मांडीत कळ यायला लागली होती. ती आधी बारीक होती. मी ती तोंडावर येऊ देत नव्हते, म्हणजे मला तसं वाटत होतं. बसल्या बसल्या मी एका कुल्ल्यावर कलले होते, त्यामुळं श्वास बरगडीतच संपत होता. लांब सूर धरला की तो शेवटी थरथरायचा. मी डोळे किलकिले करून बाईंकडं बघितलं. बाई माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्यांची नजर आप्पासाहेबांवर होती.

द्रुत सुरू झाली. पहिली तान गेली. दुसरी तान वर चढवली आणि मांडीत गोळा आला.

पाय उडाला. मी उडवला नाही, तो आपला आपणच उडाला. डग्ग्याला टाच लागली, डग्गा गडगडत तक्तपोसाच्या कडेवरून खाली गेला आणि फरशीवर आपटून थेट आप्पासाहेबांच्या खुर्चीपाशी जाऊन थांबला. शाल सरकली. गुडघ्यापासून खाली वाळकं, टाक्यांचं, रंग उडालेलं ते माझं तंगडं सगळ्यांसमोर उघडं पडलं.

मागं बायकांत कुणीतरी "अगंबाई!" म्हणालं.

मला शाल ओढून घेता येईना, कारण वाकता येईना. उठून पळून जाता येईना, कारण उठता येईना. मी तोंड झाकून घेतलं, तेवढंच येत होतं. मला आजही तो क्षण आठवला की अंगाचा संकोच होतो, एकटी असले तरी पदर सारखा करते.

पोतदार लगबगीनं माईककडं आले. "रसिकहो, काही तांत्रिक अडचणीमुळं आपण थोडा चहा..."

"चहा नको," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या होत्या. त्यांनी खाली वाकून डग्गा उचलला, पदरानं पुसला, कपाळाला लावला आणि मौलांच्या हातात दिला. मग स्टेजपाशी येऊन माझा पाय शालीनं झाकला. असं झाकलं जसं झोपलेल्या पोरावर पांघरूण घालतात.

"दुखतंय?"

"बाई, मला आत न्या," मी म्हणाले. "मला नाही जमणार. मला घरी जायचंय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग आईच्या फोटोकडं पाहिलं. मग, बराच वेळ, आप्पासाहेबांकडं. आप्पासाहेब काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवून मजेत वाट बघत होते.

"शामराव, मौला, हिला उठवा."

त्यांनी मला उठवलं. मी चप्पल शोधायला लागले.

"कुठं निघालीस?" बाई म्हणाल्या. "पोतदार, त्या माईकचा दांडा वर करा. हेमा, गा."

"उभी?"

"उभी. कुठं होतीस, द्रुतमध्ये? पुन्हा विलंबितापासून घे. सकाळ संपलेली नाही."

मला कळेना काय चाललंय. मी माईकचा दांडा धरला आणि सूर लावला. तो लागला नाही. तानपुरा मागं खाली गालिच्यावर वाजत होता, मी वर, आणि मधे लोकांची कुजबुज. घरी ओट्यावर माझ्याकडं तानपुऱ्याचा डबा असायचा, बटण दाबलं की कानाशी वाजणारा. इथं मला काही ऐकू येईना. मी दुसऱ्यांदा सूर लावला, तोही उतरला. कुणीतरी हसलं, का खोकलं, देव जाणे.

तेव्हा बाई स्टेजवर चढल्या.

त्यांनी त्या मुलीच्या हातातून तानपुरा घेतला. भोपळा कमरेवर टेकवला, दांडी सरळ वर गेली, आणि त्या माझ्या उजव्या कानाशी उभ्या राहिल्या. लोकांकडं तोंड करून. उभ्या. ज्या बाईनं माठाजवळच्या पोरीला गुणगुणू दिलं नाही ती बाई. आणि त्यांनी तानपुरा छेडला.

माझ्या लक्षात आलं ते एवढंच, की उभ्यानं तानपुरा कसा धरायचा हे त्यांना पक्कं येत होतं. कुठं टेकवायचा, वजन कुठल्या पायावर द्यायचं, सगळं. त्यांचा एक पायसुद्धा हलला नाही.

मी गायले. चांगलं गायले असं लोक सांगतात. मला आठवतो तो फक्त कानाशी सारखा भरून राहिलेला षड्ज, आणि श्वास पोटाच्या तळापर्यंत जात होता ते. तोडी उतरेल तशी उतरू दिली. कुणी जागचं हललं नाही. शेवटी टाळ्या झाल्या, पोतदारांनी डोळे पुसले, शामरावांनी पेटीचा भाता मिटला. मी बाईंकडं वळले. त्यांच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर उतरलं होतं. त्या अजून तानपुरा घेऊन तशाच उभ्या होत्या.

आप्पासाहेब काठी टेकत पुढं आले. लोकांनी वाट दिली. मला वाटलं मला काही म्हणणार. मी हात जोडले. त्यांचं माझ्याकडं लक्षही नव्हतं.

"इंदू," ते म्हणाले.

हॉलमधले चार लोक दचकले असतील. बाईंना इंदू म्हणणारं माणूस आम्ही पाहिलंच नव्हतं.

"इंदू, डोळे निवले बघ आज!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. लहान पोराला हरवलेलं खेळणं सापडावं तसा चेहरा झाला होता. "इतकी वर्षं येतोय, पण आज आमच्या वाड्याच्या चौकातला दसरा आठवला. अगदी तश्शीच! आईच्या शेजारी तंबोरा घेऊन उभी. एवढीशी होतीस. आमचे आबासाहेब म्हणायचे, पोरीचा पाय बघा, हलत नाही. अजून हलत नाही गं तुझा पाय!"

बाईंचा हात वर गेला. पदर डोक्यावर आला, कपाळापर्यंत. मान खाली गेली.

"जी सरकार," बाई म्हणाल्या.

तो आवाज बाईंचा नव्हता. एखाद्या लहान मुलीचा होता. आप्पासाहेब खूश होऊन, काठी आपटत, गाडीपर्यंत जाईस्तोवर बाई तशाच मान खाली घालून उभ्या होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं. पदर झटकून त्यांनी खांद्यावर घेतला, तानपुरा त्या मुलीकडं दिला, आईचा फोटो हारासकट उचलला आणि पोतदारांच्या गाडीत बसून निघून गेल्या.

मी आणि शामराव रिक्षानं मागोमाग निघालो. माझ्या मांडीवर नारळ, पुष्पगुच्छ, शाल असा सगळा मान होता.

"शामकाका, हे काय होतं?"

शामराव बाहेर बघत म्हणाले, "माझा बाप गळ्यात पेटी अडकवून उभा असायचा आक्काबाईंच्या मागं. तबलजीच्या कमरेला तबला-डग्गा फडक्यानं बांधलेला. बसायचं ते सरकारांनी न् त्यांच्या पाहुण्यांनी. गाणाऱ्यांनी उभं ऱ्हायाचं. तशी रीतच हुती त्या चौकाची."

"आणि बाई?"

"बाई तंबोऱ्याला. आठ-नऊ वर्षांची पोर. एका दसऱ्याला आक्काबाईंचे दिवस भरत आले हुते. पाय सुजून हे एवढाले झाल्याले. त्या म्हणल्या, सरकार, जरा टेकू का? आबासाहेब म्हणले, टेक की. गाणं झाल्यावर. गायल्या सगळं. उभ्यानं. ते मूल काय राहिलं न्हाई. त्यानंतर त्यांनी गाव सोडलं. हितं आल्या, उस्तादांचे पाय धरले, ख्याल शिकल्या. आणि पुन्हा कुणासमोर उभ्यानं आवाज लावला न्हाई. मरस्तोवर."

रिक्षा खड्ड्यातून गेली. माझा पाय पुढच्या पत्र्यावर आपटला. मला त्याचं काही वाटलं नाही.

"मग आप्पासाहेबांना दरवर्षी..."

"सोता जाऊन बोलावत्यात. व्हय." शामराव आता माझ्याकडं वळले. "ही सभा कशासाठी हाय वाटलं तुला? आबासाहेबांच्या पोरानं यावं, मधोमध बसावं, न् आक्काबाईंच्या फोटोपुढं पोरी मांडी घालून कशा गात्यात ते बघावं. वर्षातनं एकदा. त्येला बिचाऱ्याला ह्यातलं काय बी म्हाईत न्हाई. तो आपला गाणं ऐकतो न् चहा पिऊन जातो. पण बाईंना पुरतं तेवढं."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"कुणालाच सांगत न्हाईत. मला बापानं सांगितल्यालं."

मांडीवरचा नारळ गरगरत पायापाशी पडला. तो मला उचलता येत नव्हता. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा माझ्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. मला वाटत होतं, ही रिक्षा तशीच पुढं जावी, बाईंचं घर येऊच नये. हॉलमध्ये माझा पाय उघडा पडला तेव्हा मला वाटलं होतं, यापेक्षा जास्त लाज कशाची असणार. तो तर नुसता पाय होता.

बाईंच्या घराचं दार उघडंच होतं. शामराव पायरीवर थांबले. "तू जा," म्हणाले.

बाईंनी आल्या आल्या डोक्यावरून पाणी घेतलं असावं. केस ओले होते, पाठीवर सोडलेले, साडी साधी घरातली. आक्काबाईंचा फोटो खुंटीला परत लावला होता, हार तसाच. त्यासमोर सतरंजी घालून बाई बसल्या होत्या. मांडी घालून, पाठ ताठ. मांडीवर तानपुरा. माझ्याकडं पाठ होती.

"बाई," मी दारातून म्हणाले.

त्यांनी तारा जुळवायला सुरुवात केली.

"बाई, मला माहीत नव्हतं हो. मी दुसरीकडं कुठं... मी गायलेच नसते."

"दुपार व्हायला आली," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा होता, नेहमीचा. "तोडीची वेळ गेली. पण आज चालेल."

पाया पडावं म्हणून मी पुढं झाले. मग आठवलं, मला वाकता येत नाही. तशीच मागं सरकले.

बाईंनी सूर लावला. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज आम्ही शिकवताना ऐकला होता, गाताना नाही. तो फाटला. त्या थांबल्या, पुन्हा लावला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा धरला तेव्हा राहिला. मग त्यांनी मी सकाळी गायलेली तीच चीज विलंबितापासून घेतली. घाई नाही, काही सोडलं नाही. जिथं माझा पाय उडाला होता ती तानही त्यांनी वर नेली, ती वर पोचली नाही, तरी त्यांनी ती खाली नीट आणून ठेवली. सबंध वेळ त्या फोटोकडं बघत होत्या. मान वर होती आणि पदर खांद्यावर.

मला कुठंतरी टेकायला हवं होतं. पाय भरून आला होता. पण बाईंच्या घरात खुर्ची नव्हती, कधीच नव्हती. मी दाराची चौकट धरली.

शिकवताना समेवर यायच्या आधी त्या एक जागा मोकळी सोडायच्या. तिथं आम्ही शिष्यांनी मागून सूर भरायचा, अशी लहानपणापासूनची सवय होती. ती जागा आली. बाईंनी ती मोकळी सोडली. सूर माझ्या ओठांपर्यंत आला.

मी उभी होते. म्हणून गप्प राहिले.